पाण्याचे नमुने आणि आम्ही दोन नमुने

शेतकी कॉलेजातले आम्ही जुने दोस्त भेटलो, की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अरे, त्या उन्हाळ्याचं सांग ना!" सांगून सांगून किस्से संपायला हवेत, हे उलट दर वर्षी दोन-चार वाढतात! पण खालचे खरेच घडलेले. निदान वसंताला आणि मला तरी तसंच आठवतं.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. सुट्टीत देशकर सरांनी आम्हा दोघांना ब्रह्मपुरीकडच्या एका धानाच्या गावात नेलं. तिथल्या तलावांचं, बोड्यांचं (लहान तळ्याला तिकडं बोडी म्हणतात), विहिरींचं पाणी तपासायचं आणि ते धानाला मानवेल का ते सांगायचं, एवढंच काम.

*

पहिल्याच आठवड्यात वसंता बारा बाटल्या घेऊन सर्व्हिस मोटारीनं नागपूरला निघाला. वाटेत इंजिन तापलं. वसंता पळसाखाली जरा लवंडला. डोळे उघडून बघतो तर ड्रायव्हर शेवटची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी करतोय!

"अहो, ते सँपल होतं!"

"असन ना," ड्रायव्हर म्हणाला, "पन गाडी तं चालू झाली!"

सरांनी रजिस्टरात लिहिलं : 'नमुना एक ते बारा. मोटारीस मानवले.'

*

पाणी किती गढूळ आहे हे बघायला पांढरी ताटली दोरीनं खाली सोडायची आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचं. आमची ताटली प्रवासात फुटली, म्हणून शेजारच्या कौसल्याबाईंची एनॅमलची मागून आणली. बाई काठावरच उभ्या. ताटली दिसेनाशी झाली की ओरडायच्या, "गेली! माही ताटली गेली!"

तिसऱ्या वेळी गाठ सुटली आणि ती खरंच गेली!

मासे धरणाऱ्या सोमाभाऊंनी बुडी मारली. बऱ्याच वेळानं ताटली घेऊन वर आले. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"हे माही नाई! हे तं माह्या जावेची! दोन वर्षांपासून मले चोर म्हनून राह्यली ना ते!"

आणि ताटली उंच धरून, आमच्याकडे न बघता, तरातरा जावेच्या घराकडे निघाल्या. त्यांची स्वतःची ताटली अजून तळाशीच असेल.

*

पाण्यातलं मीठ तपासायच्या सिल्व्हर नायट्रेटचा हात कपाळाला लागला आणि वर ऊन पडलं, की काळा डाग उठतो. आठ-आठ दिवस जात नाही. वसंतानं घाम पुसला आणि दुपारपर्यंत त्याच्या कपाळावर रुपयाएवढा डाग! बिचारा तोंड लपवत फिरत होता.

विहिरीवरची एक म्हातारी मात्र खूश झाली. "बरं केलं तुह्या मायनं! गोरं पोरगं हाये, नजर लागते!"

*

आमच्या छापील फॉर्मात एक प्रश्न होता : 'पाण्याची चव कशी?' तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी सोडायचं हे ठरवणारे तानबाभाऊ, वय सत्तरीच्या पुढं. त्यांना विचारलं.

"कोनत्या महिन्यातली सांगू?"

फॉर्मात एकच ओळ होती!

*

याच तानबाभाऊंशी सरांचं वाजलं. एका विहिरीचं पाणी सरांच्या मते उत्तम. तानबाभाऊ म्हणाले, "त्यानं पऱ्हे जळतेत, सायेब." पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं.

"कशावरून?"

"चाखून."

"जिभेवर कुठं शेती होते, भाऊ?" सर हसले. मग चावडीसमोर पाच पेले मांडले. सगळं गाव जमलं. तानबाभाऊ चुकले असते, तर त्यांच्या शब्दावर पुन्हा कुणी पाणी वळवलं नसतं. त्यांचा मुलगा मान खाली घालून उभा होता.

चार पेल्यांत गावचंच पाणी होतं. पाचव्यात सरांनी गुपचूप कॉलेजातलं ओतलं होतं. वाफ करून थंड केलेलं, निव्वळ शुद्ध.

तानबाभाऊंनी पहिला घोट घेतला. "मोठा तलाव." दुसरा. "देवळामागची बोडी." तिसरा थुंकूनच टाकला. "हे तेच, पऱ्हे जाळनारं." चौथा. "पाटलाची विहीर." चारही बरोबर!

पाचवा घोट त्यांनी तोंडात बराच वेळ घोळवला. पुन्हा एक घेतला. मग पेला हळूच सरांच्या हातात देत म्हणाले,

"सायेब, हे कुठून आनलं? या पान्याले गावच नाई."