पाठमोरी आई

माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू नि कापलेली पानं, आणि मान खाली. लहानपणी मला तिच्या चेहऱ्यापेक्षा तिचा भांगच जास्त ओळखीचा होता.

दोनेक वर्षांपूर्वी सोलापुरातल्या विडी कामगार बायकांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला. कारखानदार चांगल्या विड्याही खराब म्हणून बाजूला टाकतात नि त्यांची मजुरी कापतात, ते थांबवा, एवढंच मागणं. आई निघाली ती ठेवणीतली साडी नेसून, तोंडाला पावडर लावून.

"मोर्चाला चाललीस का वरातीला?" मी चिडवलं.

"तू फोटू काढनार न्हवं? मग?"

काढले की. पण पुण्याहून फोटोग्राफी शिकून आलेली मी, कलेचं खूळ डोक्यात. शिवाय पोलीस चेहरे ओळखतील ही धास्ती. म्हणून सगळ्या बायका पाठमोऱ्याच टिपल्या. ऊन लागतंय म्हणून त्यांनी सोबत आणलेली सुपं डोक्यावर धरली होती, मला त्यांत ढाली दिसल्या. मी स्वतःवर जाम खूश होते.

त्या फोटोंचं प्रदर्शन इथेच सोलापुरात एका हॉलमध्ये भरलं. लोक वाखाणत होते. आई आली, तीच साडी नेसून. एकेका फोटोपुढे थांबत शेवटच्या फोटोपाशी पोचली.

"ह्यात मी कुटली गं?"

"ही, डावीकडून तिसरी. तुझा अंबाडा बघ ना."

"आन तोंड?"

मी पोलिसांचं कारण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"त्यांनी बगावं म्हनूनच गेलतो की आमी. जलमभर मान खाली घातली, त्या दिवशी वर केलती. आन तू मागनं फोटू काढलास व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाचवते म्हणता म्हणता मीच तिला पुसून टाकलं होतं.

"आई, आत्ता काढू?"

ती त्या फोटोकडे पाठ करून उभी राहिली. पदर सारखा केला. कॅमेरा वर गेला तशी सवयीनं तिची मान खाली गेली.

"वर बघ ना."

तिनं बघितलं, सरळ माझ्याकडे. माझे डोळे भरून आले आणि हात हलला.

फोटो थोडा धूसरच आला. दुसऱ्या दिवशी मी तोच हॉलच्या दारासमोर लावला, आत येणाऱ्याला आधी तिचा चेहरा दिसेल असा.