दांडी न धरणारे मास्तर

मास्तरांनी उभा जन्म उभं राहूनच काढला. बसमध्ये कंडक्टर होते ना! गाडीने कितीही हेलकावे खाल्ले तरी पाय फाकवायचे, गुडघे सैल सोडायचे आणि तिकिटं फाडत राहायचं. दांडीला हात लावला तर तो कंडक्टर कसला, हा त्यांचा बाणा.

आता सत्तरी उलटली आणि लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मास्तर अडकून पडले. बायको जिन्यावरून पडली ती गेलीच. तेव्हापासून लेकीने धसकाच घेतला. कामाला जाताना ती दाराला बाहेरून कुलूप घालते. घरात टीव्ही आहे, आरामखुर्ची आहे, वॉकरसुद्धा आहे. मास्तर स्वयंपाकघरातून निघत, दारापाशी येत, उगीच कडी हलवून बघत आणि चिडून परत फिरत. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम शिकवले होते, पण पाय बळकट करून जायचं कुठे? मास्तर टाळाटाळ करत आणि दिवसेंदिवस गंजत चालले होते.

शेवटी लेकच बाईंना म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुम्ही तपासा. तुम्ही हो म्हणालात, तर बाबांना रोज सकाळी एकटं खाली जाऊ देईन."

झालं, मास्तरांच्या अंगात वारंच शिरलं. खुर्चीतून ऊठबस, टाचा वर-खाली, भिंतीला हात टेकून जोर. घाम निघेपर्यंत ते थांबत नसत.

तपासणीच्या दिवशी बाई म्हणाल्या, "आजोबा, वॉकर धरून दारापर्यंत जाऊन या बरं."

मास्तर दारापर्यंत नीट गेले. वळताना मात्र जुनी खुमखुमी उसळली. त्यांनी वॉकर तिथेच सोडला आणि दोन्ही हात मोकळे ठेवून झोकात परत आले.

"वा! पाय तरण्याताठ्याचे आहेत की," बाई हसल्या. "खुशाल जाऊ द्या यांना."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बघितलंत ना? धरतच नाहीत ते. जिन्यावरही असंच करतील."

"अगं, पडलो का मी?" मास्तर उखडले.

"आईसुद्धा हेच म्हणायची. आधी कठडा धरून उतरायची ती, बाबा. तुम्ही हसायचात तिला. म्हणायचात, कंडक्टरची बायको ना तू? मग सोडलंच तिने कठडा धरणं."

बाई गुपचूप बॅग आवरायला लागल्या. मग मास्तर सावकाश दारापाशी गेले, वॉकर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"उद्या जाताना कुलूप लाव," ते म्हणाले.