न पोहोचलेले अर्ज
बाबा कामाला होते ती कापड मिल बंद पडली त्याच सुमारास मला इंदूरच्या विजय नगरात प्रोग्रामरची नोकरी लागली. दोन खोल्यांचं ऑफिस, दारावर इंग्रजी पाटी आणि आत आमचे सर. सर पुण्याहून आलेले. आमचं इंदुरी मराठी त्यांना गावंढळ वाटे; स्वतः मात्र तीन शब्दांतले दोन इंग्रजी बोलत.

सरांनी बंद मिलच्या कामगारांसाठी वेबसाइट काढली, 'नया काम'. द्यायला त्यांच्याकडे एकही काम नव्हतं. मुंबईच्या एका कंपनीच्या साइटवर नोकरीचा फॉर्म होता. आमच्याकडे भरलेला अर्ज आधी आमच्या सर्व्हरवर येई आणि तिथून माझा प्रोग्राम तो गुपचूप त्या साइटला पाठवी. लोकांना वाटावं, सगळं सरच करतात. मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत: 'बधाई हो! आपका आवेदन पहुँच गया.'

बाबा आणि त्यांच्या खात्यातली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून आली. अर्ज मीच टाइप केले. बाबांच्या मित्राला विचारलं, "काकाजी, काय काय येतं, काय लिहू?"

"लिही, नुसत्या आवाजावरून सांगतो कुठला माग बिघडलाय."

सरांनी सगळ्यांना उभं करून फोटो काढला. तो पेपरात छापून आला.

चार महिने कुणालाच बोलावणं नाही. बाबा रोज विचारत, "पत्ता बरोबर टाकला होता ना बेटा?" मी चिडायचे. शेवटी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. मुंबईवाल्यांनी ईमेल सक्तीचा केला होता. आमच्या कामगारांपैकी एकाकडेही तो नव्हता. प्रत्येक अर्ज तिथल्या तिथे परत येत होता आणि माझा प्रोग्राम ते उत्तर न वाचताच बधाई देत होता.

सरांना सांगितलं, तर ते हसले. "त्यांना कुठे कळतंय? फोटोमुळे दोन क्लाएंट आले. सोड यार."

त्या माणसाची मला किळस आली. पण प्रोग्राम माझा होता. हिरवी अक्षरं दिसली की काम झालं, असं समजणारी अक्कलशून्य मीच.

घरी सगळं सांगितलं. सकाळी बाबा काकाजींना घेऊन ऑफिसात हजर.

"आइए काकाजी, चहा?" सर म्हणाले.

"चाय रहने दो. वो बधाई वाली लाइन हटा दो," काकाजी म्हणाले.

सरांनी वीस मिनिटं टेक्नॉलॉजी समजावली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, साहेब. तुमचं मशीन का नाही थांबत?"

सरांनी मोबाइल कानाला लावला; तो वाजलासुद्धा नव्हता.

ती ओळ मी त्यांच्यादेखत काढली. सर्व्हरवर पडलेल्या प्रतींत माझा ईमेल घालून सगळे अर्ज पुन्हा पाठवले. उत्तरं आली, सगळी एकसारखी: वय चाळीसच्या वर, अपात्र. मग मी नोकरी सोडली. "तू फार भावनिक आहेस," सर म्हणाले. इतकं स्वच्छ मराठी ते पहिल्यांदाच बोलले.

छापलेली उत्तरं घेऊन मी छत्रीबाग मोहल्ल्यात कामगारांच्या घरोघर गेले. काकाजींनी कागद दोनदा वाचला. त्यात त्यांचं आडनाव चुकलं होतं, माझ्याच टायपिंगमुळे. त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतला आणि ते दुरुस्त केलं.