रंगुबाईंची पन्नासपट आमटी

आमच्या थोरल्या जाऊबाई रंगुबाई गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नाही. भैरोबाच्या जत्रेत भाकरी घरोघरच्या गोळा होतात आणि आमटी देवळामागं मोठ्या कढईत शिजते. ती करायला बाहेरगावचा आचारी यायचा. गेल्या साली जत्रेआधी बाईंनी भर बैठकीत त्याच्या आमटीला भांडी विसळल्याचं पाणी म्हटलं. जत्रेचे कारभारी आबासाहेब चिडले. औंदा तुम्हीच करा म्हणाले, पण बिघडली तर पुन्हा देवळात पळीला हात लावायचा नाही.

आली का पंचाईत! घरी आम्ही दहा माणसं, जत्रेला पाचशे. बाई म्हणाल्या, त्यात काय, सगळं पन्नासपट. डाळ पन्नासपट, पाणी पन्नासपट, इथवर ठीक. पण तिखट? मी म्हटलं, तिखट-मीठ असं माणसं मोजून वाढवत नसतात. आधी हात राखून घालावं, चव बघावी, मग लागलं तर टाकावं.

"निवदाच्या आधी चाखतीस?" बाई माझ्यावरच उखडल्या. "देवाचं उष्टं करतीस?"

आमच्यात नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी थेंबही जिभेला लावत नाही, हे खरं. मग निदान हात तरी राखावा, तर तेही नाही. पन्नासपट म्हणजे पन्नासपट. तिखट पडलं तसे चुलवणाजवळचे सगळे शिंकत पळाले. बाई एकट्या ठाम.

नैवेद्य झाला, बाईंनी आमटी चाखली आणि माझा हात असा धरला की बांगडी पिचली. रडायच्याच बेतात होत्या. पहिल्यांदाच मला त्यांची दया आली. पण पंगत बसली होती आणि आबासाहेबांशेजारी होते पुणतांब्याचे त्यांचे व्याही, सुनेचे वडील.

पहिल्याच घासाला आबासाहेबांचे कान लाल झाले. पाणी मागणार, तेवढ्यात त्यांनी व्याह्यांकडं पाहिलं. व्याह्यांचं नाक गळत होतं, पण मुलीच्या सासरी तोंड वाकडं कसं करायचं, म्हणून बिचारे मान खाली घालून जेवत होते. गोदाकाठचा कमी तिखटाचा माणूस खातोय म्हटल्यावर आमचा मिरचीच्या खर्ड्यावर वाढलेला गडी मागं हटतोय होय! आबासाहेबांनी आणखी एक भाकरी चुरली. त्यांचं बघून अख्खी पंगत उपरण्यानं डोळे पुसत जेवली. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच अंगात आलं. पळी घेऊन निघाल्या आबासाहेबांना आग्रह करायला. काय करतो माणूस, ताट पुढं केलं. हात धुताना चारचौघांत म्हणाले, आमटी म्हणतात ती ही.

यंदा बाई शहाण्या झाल्या. तिखट निम्मंच घातलं. आमटी अशी जमली की मी तीनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर आबासाहेब कोरड्या डोळ्यांनी कढईपाशी आले.

"बरी हाय आमटी," ते म्हणाले, "पन गेल्या साली तुमी सोता केल्ती. औंदा आचाऱ्याकडनं करून घेतली व्हय?"