चार बोटं जास्त

माझ्या चाकाच्या खुर्चीचं उजवं टायर तुटलं ते गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत, गटाराच्या झाकणावर. भरीव रबराचं टायर. पंक्चर होत नाही म्हणून मोठ्या कौतुकानं घेतलेलं. पंक्चर झालं नाही हे खरंच. सरळ दोन तुकडे झाले आणि रिंगवरून उतरून पडलं.

आमची एकच खोली. संडास बाहेर, लांब पॅसेजच्या टोकाला. कारखान्याच्या जिन्यावरून पडून माझा मणका गेला, तेव्हापासून मी खुर्ची दाराला लावून, भिंतीतल्या पाइपाला धरून आतल्या उंच बैठकीवर सरकतो. दिवसभरात कुणाच्या मदतीशिवाय मी करत होतो असं तेवढंच एक काम उरलं होतं. तेही गेलं.

नुसत्या रिंगवर जाऊन पाहिलं. फरशीवर चाक सरकलं आणि मी खुर्चीसकट भिंतीवर आदळलो. मुलानं खुर्ची मिटून कपाटामागे ठेवली आणि मला पाठीवर घेऊन जायला लागला. तो उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला, बारा तासांची पाळी. म्हणजे तो सकाळी निघायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा. मधला दिवस मी ओठ कोरडे ठेवून काढायचा. बायकोनं चहा पुढे केला की मी तोंड फिरवायचो. पॅसेजमधल्या बाया दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काका, श्रावणबाळ आहे तुमचा." पोराच्या घामेजल्या पाठीवर लोंबकळत हे ऐकून घ्यायचं, वर हसायचं. त्या क्षणी मला त्या बायांचा आणि गुणी पोराचा, दोघांचाही राग यायचा.

तो म्हणायचा, सुट्टी मिळाली की टायर आणतो. सुट्टी काही मिळेना. शेवटी बायको म्हणाली, मी जाते. मी रिंगच्या खाचेतून दोरा फिरवला, जिथं टोक भिडलं तिथं गाठ मारली आणि बजावलं, "एवढंच माप. दुकानात जास्त बोलू नको." ती उधन्याच्या दुकानात गेली आणि नवं टायर घेऊन आली. मी घाईघाईनं चढवलं. एवढं सहज चढलं की मलाच शंका आली. खुर्ची एक हात पुढे गेली आणि टायर उतरून दारात लोळायला लागलं.

दोरा मागून घेतला. गाठ दुसरीच होती, पुढे सरकवलेली. बायको घरी ब्लाऊज शिवते. तिनं वाटेत चार बोटं वाढवली होती.

"आटस ना ते!" ती म्हणाली. चिडली की ती आमच्या अहिराणीवर येते. "चार बोटं जास्ती नको का?"

"रबर आटतं का? कपडा आहे का तो?"

"आते माले काय माहीत!"

मी खूप बोललो. इतकी वर्षं कपड्यात राहून हिचं डोकंही कपड्याचं झालं, इथपर्यंत बोललो. राग आला की माणूस उठून बाहेर तरी जातो. मला ती सोय नव्हती. बोलून झाल्यावर तिच्या समोरच, हाताच्या अंतरावर, भिंतीकडे तोंड करून बसलो. तीही मशीनवर बसली, पण मशीन चालवलं नाही.

दुसऱ्या दिवशी न सांगता गेली आणि बदलून आणलं. दुकानदार तिला गुजरातीत म्हणाला होता, "रिंगथी नानुं ज लेवानुं, बेन." रिंगपेक्षा लहानच घ्यायचं, ताणून बसवायचं. कपड्याच्या अगदी उलट. हे सांगताना तिला हसू आलं, मला आलं नाही.

तिनं पातेल्यात पाणी उकळलं, टायर त्यात बुडवून मऊ केलं. मी जमिनीवर बसून चाक मांडीत घेतलं. एका बाजूनं टायर रिंगला सुतळीनं बांधलं आणि उलथण्याच्या दांड्यानं दुसरी बाजू ओढायला लागलो. निसटायचं, पुन्हा गरम करायचं. बोटं भाजली. शेवटच्या वितीला तिनं पदर हाताला गुंडाळून माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला आणि रबर खाचेत बसलं. बोटानं हलवून पाहिलं. जागचं हललं नाही. मग चाक खुर्चीला लावलं.

ती म्हणाली, "पोरगा येईपर्यंत थांबा."

मी थांबलो नाही. पॅसेजमधून माझा मी गेलो, पाइपाला धरून आत सरकलो, दार ओढलं आणि कडी लावली. काम झाल्यावरही बसून राहिलो. एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा, वर कोळिष्टकं, खिडकीसुद्धा नाही. थोड्या वेळानं तिनं दार वाजवलं.

"काय व्हयनं? उघडा ना!"

"काही नाही," मी म्हणालो. "कडी मी लावलीय. जरा बसू दे."