जहूरभाईंनी गिरवलेली सही

“सही ठळक नसेल तर कागद परत येतो,” असं जहूरभाई उठता-बसता म्हणत. आखाती शहरातल्या हमरियाच्या गल्लीत, आपल्या छोट्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. खलाशी आजोबांनी आणलेली जुनी अमेरिकन नोट विकून गावाकडे जयगडला असलेल्या होडीला इंजिन बसवायचं, एवढी एकच आस त्यांना होती.

जुन्या नोटा जमवणारे चंद्रशेखर साहेब त्याच शहरातल्या अल् खुवैरहून दुकानात आले. भिंग फिरवताना त्यांचा चेहरा पहाटेच्या खाडीसारखा उजळत गेला.

“लहानशा गावच्या बँकेनं स्वतःच्या नावानं काढलेली नोट! अशा फार थोड्या उरल्यात. पण बँकेच्या अध्यक्षाची सही इतकी निळीशार कशी?”

“पुसट झाली होती. कालच मी गिरवली, बॉलपेननं.”

“अहो, शंभर वर्षांच्या त्या पुसट शाईलाच तर मोल होतं! आता चौथाईसुद्धा मिळणार नाही.”

“चौथाईत इंजिनाचा नुसता पंखा येईल,” जहूरभाई पुटपुटले. मग हळूच म्हणाले, “पण साहेब, खरं सांगा, हुबेहूब जमलीय ना?”

साहेबांना मान डोलवावीच लागली. नोट खिशात घालून जहूरभाई ऐटीत गल्लीतून चालू लागले. त्यांची बायको सबीहा दुकानाच्या दारातून, कपाळाला हात लावून, ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.