रडार आजी आणि गप्प कॉम्प्युटर

आमच्या मंडळींचे कान असे होते की बिल्डिंगमधली पोरं तिला 'रडार आजी' म्हणायची. जिन्यात पाऊल वाजलं की भाजी निवडता निवडता ही सांगणार, "वरची सूनबाई आली. आज कुणाशी तरी वाजलंय तिचं." आणि वाजलेलंच असायचं. माझं उलटं. सगळी उमर एमआयडीसीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर गेली, त्यात कान कामातून गेले. मी तिसरी शिकलेला माणूस, बोलतो तसंच लिहितो. पण छातीवर हात ठेवून सांगतो, तिच्यासारखे कान डोंबिवलीत दुसरे नव्हते. असतील तर दाखवा.

छताच्या पंख्याकडे ती मान वर करून बघायचीसुद्धा नाही. "अहो, ह्याचं बेअरिंग जाणार." मी म्हणायचो, "काही जात नाही." हट्टी माणूस मी. मग भर मे महिन्यात पंखा बसायचा आणि ही पदराने वारा घेत नुसती माझ्याकडे बघायची. ते बघणं मात्र मला बरोबर ऐकू यायचं.

आमची नात सई आमच्याकडेच राहते. सकाळी नोकरी, दुपारी कॉम्प्युटरवर खेळायचा सराव. पोरखेळ नव्हे तो, तिची टीम आहे, स्पर्धा असतात. पण तिचा जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा चालायचा. मंडळींच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, दुपारची झोप चुकवायची नाही. घर आमचं दीड खोलीचं, मधे पडदा. गिरणी सुरू झाली की हिचे डोळे टक्क उघडे. शेवटी सई म्हणाली, "आजी, मी बाळकुमला मैत्रिणीकडे राहायला जाते."

मंडळी उठून बसल्या. "माझ्या झोपेपायी पोर घर सोडणार? मग त्या झोपेला काय जाळायचंय! नवीन घे, आवाज न करणारा. मी येते दुकानात. तू खेळाचं बघ, मी आवाजाचं बघते."

स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. ह्यात एकेक भाग वेगळा निवडून जोडून घेतात, हे मला तिथे कळलं. दुकानदार कॉम्प्युटरच्या आतले पंखे दाखवायला लागला, तर ही म्हणते, "आधी तो एसी बंद करा."

"अहो आजी, गिऱ्हाईक उकडून मरेल."

"मरत नाही. पाच मिनिटं."

मरणाचं उकडत होतं, पण एसी बंद झाला. ही डोळे मिटून स्टुलावर बसली. छोटा पंखा लावला. "हा नको, भुणभुण करतो." मग मोठा, तळहाताएवढा. "हा चालेल. सावकाश फिरतो, समजूतदार आहे." सई हसून म्हणाली, "बरोबर आहे आजी. मोठा पंखा हळू फिरूनही तेवढाच वारा देतो."

पुढे वीज पुरवणारा डबा आला. सईला गरजेपेक्षा मोठा हवा होता. मी म्हटलं, कशाला उगाच? ती समजावू लागली की मोठ्यावर ताण पडत नाही, तापत नाही, मग त्याचा पंखा जवळजवळ फिरतच नाही. माझ्या डोक्यात काही शिरेना. मंडळी म्हणाल्या, "अहो, मोठ्या टोपात थोडा भात. उतू जात नाही." शिरलं.

खरी झुंज झाली ती खेळाची चित्रं पडद्यावर आणणाऱ्या कार्डावरून. सईचं एका कार्डावर मन बसलेलं. दुकानदाराने ते जोडून खेळ चालू केला. पोरीचा चेहरा नुसता उजळला. ही म्हणाली, "चीं करतंय."

"काही आवाज नाही, आजी," दुकानदार म्हणाला.

"आहे. डास कानाशी आल्यासारखा."

सईने कान लावला. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग हळूच म्हणाली, "आहे गं, आजी." त्या कार्डातली वीज खेळाच्या जोरात अशी बारीक किंचाळते म्हणे. ते कार्ड परत कपाटात गेलं, दुसरं लावलं, ते गप्प निघालं. सई जरा हिरमुसली. म्हणून हे सगळे भाग बसवायची पेटी घेताना तिने रंगीत दिव्यांकडे भीत भीत बोट केलं, तर मंडळी म्हणाल्या, "घे की गं! दिवे कुठे आवाज करतात?"

कॉम्प्युटर घरी आला, पडद्याआड लागला. पहिल्या दुपारी सई कानाला हेडफोन लावून खेळायला बसली. मंडळी आडव्या झाल्या. थोड्या वेळाने उठल्या, पडदा बाजूला केला, परत आडव्या. परत उठल्या. सईने हेडफोन काढला. रडवेली झाली होती पोर. "आजी, अजून आवाज येतो का गं?"

"काहीच येत नाही. तेच तर झालंय! तू आहेस का उठून गेलीस, मला कळायचं कसं? झोपच लागत नाही. थोडा आवाज करू दे की त्याला."

एवढं एसी बंद करून, घाम गाळून आणलेलं यंत्र! मी कपाळावर हात मारला. सई मात्र हसत सुटली. तिने मागचा एक पंखा थोडा जोरात फिरवला. "एवढा?"

"अजून जरासा. हां, आता ठेव."

आणि झोपली की हो. अशी घोरली की मलासुद्धा ऐकू आलं. बाळकुमला जायचं नाव आमच्या घरात परत निघालं नाही. सईच्या टीमने स्पर्धा जिंकली तेव्हा ही बिल्डिंगभर पेढे वाटत सांगत फिरली, "खेळली ती, पण मशीन मी ऐकून आणलंय." खोटं काय त्यात?

ती गेली, त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेली, दुपारी. पडद्यापलीकडे सई खेळत होती.

आता सई लोकांना असे कॉम्प्युटर निवडून, जोडून देते. कल्याणहूनसुद्धा लोक येतात. कुठला खेळ खेळणार ते ती नंतर विचारते. परवा एक जण आला, म्हणाला, "मॅडम, मला एकदम शांत पाहिजे. झीरो आवाज."

सई म्हणाली, "घरात आणखी कोण असतं?"

"वडील असतात. अंथरुणावरच आहेत."

"मग झीरो नको. एक पंखा ऐकू येईल एवढा ठेवते."